पाटी कोणाची, तार कोणाची?

इंग्लंडांत एखाद्या कुटुंबानें नवें घर घेतलें म्हणजे पाणी, वीज आणि गॅस यांच्या जोडीला आतां चौथी एक सोय तांतडीनें लावून घ्यावी लागते. ती म्हणजे ब्रॉडबँडची जोडणी. मुलांचा अभ्यास, कचेरीचें काम, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांची वेळ ठरविणें, पुण्यामुंबईस असलेल्या आईवडिलांशीं समोरासमोर बोलणें, हें सर्व त्या एका तारेवर येऊन ठेपलें आहे. जोडणी कोणाकडून घ्यावी याची चौकशी करूं लागतांच त्या कुटुंबापुढें नांवांची लांबलचक यादी येते. बीटी, ईई, प्लसनेट, स्काय, टॉकटॉक, व्होडाफोन अशीं तीं नांवें. प्रत्येकाचा रंग निराळा, दर निराळा, जाहिरात निराळी. बराच खल होऊन त्यांतील एक नांव पसंत केलें जातें. ठरल्या दिवशीं कारागिराची गाडी दाराशीं उभी राहते, आणि तिच्यावर यांपैकीं एकहि नांव नसतें! तिच्यावर 'ओपनरीच' हीं अक्षरें असतात. यादींतील दुसरें नांव निवडलें असतें तरी बहुधा हीच गाडी आली असती आणि हीच तार घरांत शिरली असती.

हा प्रकार नवखा वाटला तरी समजण्यास कठीण नाहीं. एकाच गोठ्यांतील दूध चार गवळी आपापल्या किटल्यांत भरून चार आळ्यांत विकतात. किटल्या निराळ्या, भाव थोडे निराळे, गवळ्यांच्या बोलण्याची गोडीहि निराळी. पण म्हशी आटल्या तर चारी आळ्यांना दूध मिळत नाहीं. ब्रॉडबँडच्या धंद्यांत अशा तीन पायऱ्या आहेत. बिलावर ज्याचें नांव छापलेलें असतें तो विक्रेता, ही पहिली. जमिनींतून किंवा खांबावरून ज्यानें तार नेली तो जाळ्याचा मालक, ही दुसरी. आणि त्या मालकाच्या पाठीमागें ज्याचें भांडवल उभें असतें तो भागधारक, ही तिसरी. पहिल्या पायरीवरील नांव एका रात्रींत बदलतां येतें, तिसऱ्या पायरीवरील मालक सह्या होतांच बदलतो. पण दुसऱ्या पायरीवरील चर एकदां खणला कीं पिढ्यान् पिढ्या जागचा हलत नाहीं. कोणत्या घराला चांगली जोडणी मिळावी आणि कोणत्या घरानें वाट पाहत बसावें, हें त्या चरावरून ठरतें. म्हणून पाटी कोणाची यापेक्षां तार कोणाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

प्रथम या तारेविषयीं थोडेसें. टेलिफोनची जुनी तार तांब्याची. तिच्यांतून विजेच्या रूपानें संदेश जातो, आणि अंतर वाढेल तसा तो क्षीण होतो. नवी तार कांचेची. 'फायबर' म्हणतात तो हा कांचेचा तंतु एका मिलिमीटरच्या सुमारें आठव्या भागाएवढा जाड असतो. त्याचा गाभा एका प्रकारच्या कांचेचा व वरचें वेष्टन किंचित् निराळ्या कांचेचें. त्यामुळें एका टोकाला सोडलेला प्रकाश बाहेर न निसटतां गाभ्यांतूनच वळणें घेत दुसऱ्या टोकाला निघतो. १९६६ सालीं इंग्लंडांतील हार्लो येथील प्रयोगशाळेंत चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें दाखवून दिलें कीं, कांच पुरेशी शुद्ध करतां आली तर तिच्यांतून दूरवर संदेश नेतां येतील. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तशी कांच बनविली. आणि काओ यांना २००९ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही कांच फारशी महाग नाहीं. महाग आहे तें चर खणणें, रस्ता पूर्ववत् करणें, जमीनमालकाची परवानगी मिळविणें, खांब रोंवणें. खर्चाचा मोठा भाग यांतच जातो. यामुळें एका गल्लींत एकानें तार टाकली कीं दुसऱ्याला तेथें पुनः खणणें सहसा परवडत नाहीं, आणि जाळ्याचा मालक हा स्वभावतःच मक्तेदार होऊं पाहतो.

ब्रिटनमध्यें ही मक्तेदारी प्रथम सरकारचीच होती. १९१२ सालीं नॅशनल टेलिफोन कंपनीचा कारभार पोस्टखात्यानें घेतला, आणि पुढें जवळजवळ सत्तर वर्षें टेलिफोन म्हणजे पोस्टखातें असेंच समीकरण राहिलें. १९८१ सालीं टेलिफोनचा कारभार पोस्टापासून तोडून 'ब्रिटिश टेलिकॉम' हें निराळें मंडळ स्थापण्यांत आलें. १९८४ च्या नोव्हेंबरांत सरकारनें त्याचे निम्म्याहून थोडे अधिक भाग जनतेला विकले. वीस लाखांवर लोकांनीं ते घेतले. १९९१ सालीं नांव आखडून 'बीटी' झालें व तुतारी फुंकणारी एक आकृति त्याचें चिन्ह झाली. २००३ सालीं ती जाऊन तिच्या जागीं रंगीत गोल आला. चिन्हें बदललीं, परंतु रस्त्याखालच्या कित्येक नळ्या पोस्टखात्यानें घातलेल्याच होत्या. सार्वजनिक पैशानें खणलेले ते चर आतां खाजगी कंपनीच्या हातीं आले होते. जिनें आपल्या प्रतिस्पर्ध्यांना तार भाड्यानें द्यावयाची, तीच कंपनी त्याच गिऱ्हाइकांसाठीं त्यांच्याशीं झगडत होती. प्रतिस्पर्ध्याच्या गिऱ्हाइकाची तार दुरुस्त करण्यास उशीर लागला, तर तो आळस कीं डाव, हें कोणी सांगावें?

या अडचणींतून 'ऑफकॉम' या नियामक मंडळानें वाट काढली. २००५ सालच्या तडजोडीप्रमाणें बीटीनें तारा सांभाळणारा आपला विभाग निराळा काढला, आणि २००६ च्या जानेवारींत त्याचें काम 'ओपनरीच' या नांवानें सुरू झालें. सर्व विक्रेत्यांना, बीटीच्या स्वतःच्या विक्रीखात्यालाहि, सारख्याच दरानें व सारख्याच अटींवर तार द्यावयाची, असा दंडक घालण्यांत आला. तेवढ्यानें तक्रारी थांबल्या नाहींत. विभागाचें मन धन्याकडेच ओढणार, आणि नव्या तारांवर किती पैसा खर्चावयाचा हें धनीच ठरविणार, असा प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप होता. शेवटीं २०१७ सालीं असें ठरलें कीं, ओपनरीच ही कायद्यानें निराळी कंपनी व्हावी, तिचें संचालक मंडळ निराळें असावें आणि तिच्या चिन्हांतून बीटीचें नांव निघावें. २०१८ सालीं सुमारें ३१ हजार नोकर तिच्याकडे वर्ग झाले. दाराशीं आलेल्या गाडीवर बीटीचें नांव कां नसतें, याचें उत्तर हें. परंतु खरी गंमत पुढेंच आहे. ओपनरीचचे सर्व भाग बीटीच्याच हातीं राहिले, आणि तारा, नळ्या व खांब यांची मालकीहि बीटीनें सोडली नाहीं. ओपनरीचकडे आला तो त्यांचा ताबा व कारभार. नांव पुसलें गेलें, मालकी पुसली गेली नाहीं.

दुसरें मोठें जाळें निराळ्या रीतीनें उभें राहिलें. १९९० नंतरच्या वर्षांत बीटीला आपल्या तारांवरून करमणुकीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम देण्यास मनाई होती. ती संधि साधून केबल कंपन्यांनीं, पुष्कळशा अमेरिकन भांडवलावर, शहरोशहरींचे पदपथ खणून केबल टाकली. खर्च अफाट आणि गिऱ्हाइकें त्या मानानें थोडीं. त्यामुळें या कंपन्या एकमेकींत मिसळत जाऊन शेवटीं एनटीएल व टेलिवेस्ट या दोन प्रमुख उरल्या, आणि २००६ सालीं त्याहि एक झाल्या. नव्या कंपनीनें रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या समूहाकडून 'व्हर्जिन' हें नांव वापरण्याचा परवाना घेतला व २००७ सालीं ती 'व्हर्जिन मीडिया' बनली. ज्या नांवाखालीं पूर्वीं गाण्यांच्या तबकड्या विकल्या जात आणि विमानें उडत, तें नांव आतां पदपथाखालच्या जुन्या केबलीवर चढलें. २०१३ सालीं ही कंपनी लिबर्टी ग्लोबल या समूहानें विकत घेतली, आणि २०२१ सालीं ओटू या मोबाईल कंपनीशीं तिचा संयोग होऊन स्पेनची टेलिफोनिका कंपनी निम्मी भागीदार झाली.

नांवांचा हा खेळ कंपन्यांपुरताच राहिला असता तर फारसें बिघडलें नसतें. तो मालाच्या नांवापर्यंत येऊन पोहोंचला. घरोघर कांचेची तार नेण्यापूर्वीं ओपनरीचनें एक मधला मार्ग धरला होता. रस्त्याच्या कोपऱ्यावरील हिरव्या पेटीपर्यंत कांच न्यावयाची आणि पेटीपासून घरापर्यंत जुनें तांबेंच ठेवावयाचें, असा तो मार्ग. काम लवकर झालें, खर्च कमी आला. परंतु पेटी घरापासून दूर असली कीं वेग उतरे. विक्रेते या मालास सर्रास 'फायबर' म्हणूं लागले. केबलच्या जाहिरातींतहि तोच शब्द आला, जरी तेथें घरांत शिरणारी शेवटची तार बहुधा कांचेची नसे. मग ज्यानें खरोखर घरापर्यंत कांच नेली त्यानें आपल्या मालास काय म्हणावें? त्याला 'फुल फायबर', म्हणजे पुरता फायबर, असा नवा शब्द काढावा लागला. वनस्पति तुपानें तुपाचें नांव घेतल्यावर तुपाला 'साजूक' म्हणवून घ्यावें लागावें, तशांतलाच हा प्रकार.

या एका शब्दावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. २०१७ सालीं जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनें असा निर्णय दिला कीं, अर्धवट फायबरला 'फायबर' म्हटल्यानें ग्राहकांची मोठीशी दिशाभूल होत नाहीं. सिटीफायबर या कंपनीनें त्याविरुद्ध दाद मागितली; २०१९ सालीं ती फेटाळली गेली. पुढें ऑफकॉमनेंच या बाबतींत लक्ष घातलें, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून विक्रेत्यांना असें बंधन आलें कीं, करारापूर्वीं गिऱ्हाइकाला आपल्या मालाची माहिती देतांना 'फायबर' हा शब्द घरापर्यंत सबंध कांच असेल तरच वापरावा. तोंवर कित्येक कुटुंबें आपल्या घरीं फायबर आहे अशा समजुतीनें वर्षानुवर्षें पैसे भरीत होतीं, आणि भिंतींतली तार मात्र तांब्याची होती.

तारेची मालकी कोणाकडे असावी, या प्रश्नाला ब्रिटनमधील दोन ठिकाणांनीं स्वतःचीं उत्तरें दिलीं, तीं ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. पहिलें ठिकाण हंबर नदीच्या कांठचें हल शहर. तेथील नगरपालिकेनें १९०२ सालीं परवाना मिळवून १९०४ सालीं आपलें टेलिफोन एक्स्चेंज उघडलें. इतर नगरपालिकांचीं एक्स्चेंजें एकामागून एक दुसऱ्यांच्या हातीं गेलीं, तरी हलनें आपलें सोडलें नाहीं. सबंध देशांत रस्त्यावरचे टेलिफोनचे खोके तांबडे. हलचे मात्र साईच्या रंगाचे, आणि त्यांवर राजमुकुटहि नसे. ती शहराच्या अभिमानाची खूण होऊन बसली. परंतु १९९९ सालीं नगरपालिकेनें निम्म्याहून अधिक भाग बाजारांत आणले, आणि २००७ सालीं उरलेलेहि विकून टाकले. पूर्वीचें 'किंग्स्टन कम्युनिकेशन्स' हें नांव जाऊन 'केकॉम' हें नांव आलें. याच कंपनीनें २०१२ पासून काम चालवून २०१९ सालीं शहरभर घरोघर कांचेची तार पोहोंचविली. त्या वेळीं देशांतील दुसऱ्या कोणत्याहि शहराला हें साधलें नव्हतें. त्याच सालीं ऑस्ट्रेलियांतील मॅक्वारी समूहाच्या एका निधीनें ती सुमारें ६३ कोटि पौंडांस विकत घेतली. खोक्यांचा रंग तोच राहिला. नागरिकांना आपल्या प्रतिनिधींमार्फत तारेविषयीं जो शब्द टाकतां येई, तो मात्र गेला.

दुसरें ठिकाण उत्तर लँकाशायरमधील खेड्यांचें. वस्ती विरळ, घरें दूर दूर. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबांत हीं खेडीं बसेनात. तेव्हां गांवकऱ्यांनीं २०११ सालीं समाजहितासाठीं एक संस्था नोंदविली. तिचें नांव 'बी-फोर-आर-एन', पण बोलतांना सर्वजण तिला 'बार्न', म्हणजे धान्याचें कोठार, असें म्हणतात. लोकांनीं किमान शंभर पौंडांचे भाग घेतले, आणि ज्याचे भाग अधिक त्यालाहि मत एकच, अशी सहकारी रीत ठेवली. शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांतून तार नेण्यास मोबदला न घेतां परवानगी दिली, कित्येकांनीं स्वतःच्या यंत्रांनीं चर खणले, आणि गांवच्या स्त्रीपुरुषांनीं जोडकाम शिकून घेतलें. रस्ता फोडण्यापेक्षां शेत खणणें पुष्कळ स्वस्त, हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें. अशा रीतीनें मोठमोठ्या शहरांतील घरें तांब्यावर अवलंबून होतीं त्या काळीं या खेड्यांतील घरांना सेकंदास एक गिगाबिटचा वेग मिळूं लागला. येथें विक्रेता, जाळ्याचा मालक आणि भागधारक या तिन्ही पायऱ्या एकाच गांवांत येऊन मिळाल्या. सर्वच ठिकाणीं हें साधेल असें नाहीं. त्याला गांवाची एकी आणि जाणत्या माणसांचे फुकट श्रम लागतात.

बाकीच्या देशांत भांडवलदारांनीं निराळा रस्ता धरला. ऑफकॉमनें ओपनरीचच्या नळ्या व खांब इतरांना भाड्यानें वापरण्याची मुभा दिली, व्याजाचे दर कमी होते, आणि कांचेच्या तारांवर पैसा लावण्यास मोठमोठे गुंतवणूक-निधि पुढें सरसावले. २०१८ सालीं सिटीफायबर ही कंपनी अँटिन व गोल्डमन सॅक्स यांच्या निधींनीं घेतली; २०१९ सालीं हायपरऑप्टिक अमेरिकन केकेआर समूहाकडे गेली. अशा नव्या कंपन्या डझनावारी निघाल्या. त्यामुळें बीटीलाहि जागें व्हावें लागलें. २०२६ अखेर अडीच कोटि घरें व दुकानें यांच्या दारापर्यंत कांच नेण्याचें ध्येय तिनें जाहीर केलें, आणि २०२३ च्या मार्चअखेर त्यांतील एक कोटीचा टप्पा ओलांडला गेला. स्पर्धेचा हा लाभ निर्विवाद आहे. परंतु पैसा दाट वस्तीकडेच धांवतो. कित्येक शहरांत एकाच रस्त्याखालीं तीन तीन कंपन्यांची कांच पडली, आणि डोंगरांतल्या वाडीला एकहि मिळाली नाहीं. तिच्यासाठीं सरकारला २०२१ सालीं पांच अब्ज पौंडांची योजना आंखावी लागली. २०२२ नंतर व्याजाचे दर चढले तेव्हां नव्या कंपन्यांपैकीं कित्येकींची ओढाताण होऊं लागली, आणि एकीनें दुसरीला गिळण्याचा क्रम सुरू झाला. पूर्वींच्या केबल कंपन्यांचीच गोष्ट पुनः नव्या नांवांनीं घडूं लागली.

तिसऱ्या पायरीवरील फेरफार तर सामान्य ग्राहकाच्या कानांवरहि येत नाहींत. बीटीचे जवळजवळ पाव भाग फ्रान्समधील उद्योगपति पात्रिक द्राही यांच्या अल्टिस कंपनीकडे गेले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्यें ते साडेचोवीस टक्के भाग विकत घेण्याचा करार सुनील भारती मित्तल यांच्या भारती समूहानें केला, आणि त्याच सालच्या अखेरीस व्यवहार पुरा झाला. आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेली एअरटेल कंपनी याच समूहाची. पोस्टखात्यानें साहेबाच्या देशांत खणलेल्या चरांचा सर्वांत मोठा भागधारक दिल्लीचा व्हावा, हा काळाचा महिमा खराच. यॉर्कशायरमधील एखाद्या आजीबाईच्या बिलावर मात्र त्याची एक ओळहि उमटली नाहीं.

त्या आजीबाईला या साऱ्याशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि तें जिवाशीं गांठ घालणारें आहे. तांब्याच्या तारेचा एक गुण असा कीं, टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेनें येते. घरांतले दिवे गेले तरी टेलिफोन बोलतो. कांचेंतून वीज जात नाहीं. दिवे गेले कीं भिंतीवरील यंत्र बंद, आणि त्याबरोबर टेलिफोनहि बंद. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यांत एक बटन असतें. पडल्यास किंवा छातींत दुखल्यास तें दाबावयाचें, म्हणजे मदत-केंद्राला सूचना जाते. हीं बटनें पुष्कळदां जुन्या टेलिफोनच्याच तारेवर चालत. जोडणी बदलल्यानंतर तीं निकामी झाल्याचे गंभीर प्रकार उघडकीस आले, तेव्हां २०२३ च्या डिसेंबरांत कंपन्यांना सरकारपुढें वचननामा करून सक्तीनें जोडण्या बदलण्याचें काम थांबवावें लागलें. जुनी टेलिफोन-व्यवस्था बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ ची होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत लांबविण्यांत आली.

अशा वेळीं दाद कोणाकडे मागावयाची, हें ठाऊक असणें अगत्याचें ठरतें. तार ओपनरीचची असली तरी ओपनरीच घरच्या ग्राहकाची तक्रार थेट घेत नाहीं; ती बिलावरील विक्रेत्यामार्फतच जावी लागते. म्हणजे दोष ज्याच्या तारेंत त्याच्याशीं ग्राहकाचा करार नाहीं, आणि करार ज्याच्याशीं त्याच्या हातीं तार नाहीं. हें जाणूनच ऑफकॉमनें २०१९ पासून अशी योजना चालू केली कीं, तींत सामील झालेल्या विक्रेत्यानें दुरुस्तीस विलंब लागल्यास ग्राहकानें न मागतांच त्याला भरपाई द्यावी; मग तो विलंब तारेच्या मालकाकडून झालेला कां असेना. तसेंच ज्यांच्या घरीं मोबाईलहि चालत नाहीं अशा ग्राहकांना दिवे गेल्यावर निदान एक तास तरी तांतडीचा टेलिफोन करतां यावा, अशी सोय करून देणें ही विक्रेत्याचीच जबाबदारी ठरविली आहे.

तेव्हां नवी जोडणी घेणाऱ्या कुटुंबानें, मग तें तेथें कामधंद्यासाठीं गेलेलें मराठी कुटुंब असो कीं तेथलेंच असो, रंगीत जाहिरात बाजूला ठेवून चार गोष्टी विचारून घ्याव्या. घरांत येणारी शेवटची तार कांचेची कीं तांब्याची? ती कोणाच्या जाळ्याची? व्होडाफोनसारखा एकच विक्रेता एका रस्त्यावर ओपनरीचची तार देतो व दुसऱ्या रस्त्यावर सिटीफायबरची, म्हणून नुसतें नांव ऐकून याचा उलगडा होत नाहीं. दिवे गेल्यावर टेलिफोनची काय व्यवस्था? आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती, व न झाल्यास भरपाई काय? या प्रश्नांचीं उत्तरें लेखी घ्यावीं. विशेषतः घरांत वृद्ध माणूस असेल तर तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळाल्याखेरीज जुनी तार काढूं देऊं नये.